नाक दाबलं की तोंड उघडतं?

या अंकाचं संपादकीय एका प्रसंगापासून सुरू करते. प्रसंग माझ्याच चुकीचा आहे.

गेल्या हळदीच्या हंगामात कळमनुरी तालुक्यातल्या एका गावात आम्ही बायकांची बैठक ठेवली होती. विषय ठरलेला, 'लहान मुलांचा आहार'. हळद काढणीचे दिवस. बायका रानातून येईपर्यंत दिवेलागण झाली. समाजमंदिरात पंधरा-वीस जणी जमल्या. मी भिंतीवर तक्ता लावला आणि नेहमीप्रमाणे बोलायला लागले. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, मग वरणभात, मऊ खिचडी, दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं, लेकराच्या कलानं.

कोपऱ्यात एक तरुण आई बसली होती. चौदा महिन्यांचा मुलगा तिनं पायावर आडवा घातलेला. एका हाताच्या चिमटीत त्याचं नाक, दुसऱ्या हातात वाटी, आणि तोंड उघडलं की पेज आत. पोराला ठसका लागला, तो काळानिळा होऊन रडायला लागला. मी बोलणं थांबवलं आणि सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "अगं, काय करतेस? जीव जाईल त्याचा! मी इथं तासभर काय सांगतेय?"

तिनं वाटी खाली ठेवली. पोराला खांद्यावर घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "ताई, तुम्ही सांगता तसं खाऊ घालायला मला बी येतंय. पर त्याच्यासाठी बसायला लागतंय. मला बसू कोण देतंय?"

आणि उठून गेली. पुढच्या दोन्ही बैठकांना ती आली नाही.

मी जे सांगत होते ते चूक नव्हतं. नाक दाबून पाजलं तर घास श्वासनळीत जाऊ शकतो, हे कोणतीही परिचारिका सांगेल. पण बरोबर गोष्ट चुकीच्या जागी, चुकीच्या माणसाला सांगितली की तिचा दगड होतो. तो दगड मी त्या बाईला मारला होता. आपल्याकडे म्हण आहे, नाक दाबलं की तोंड उघडतं. त्या दिवशी मला जाणवलं की पोराचं नाक दाबणाऱ्या त्या आईचं नाक आधीच कुणी कुणी दाबून धरलेलं आहे. आणि मी त्यांच्यातच जाऊन उभी राहिले होते.

महिन्याभरानं मी तिच्या घरी गेले. माफी मागायला गेले असं म्हटलं तर खरं, पण नुसतं बसायलाही गेले. तिनं सांगितलं ते असं. नवऱ्यानं हळदीच्या बेण्यासाठी आणि ठिबकसाठी कर्ज उचललेलं. वसमतच्या बाजारात भाव पडला की त्या रात्री घरात भांडण. सकाळी आठला ती रानात, अंधार पडता परत. पोरगं दिवसभर म्हाताऱ्या सासूजवळ. सासूला दिसत नाही, ती त्याला चहात बिस्किट बुडवून देते. अंगणवाडीत वजन केलं तेव्हा तो 'मॅम'मध्ये, म्हणजे मध्यम कुपोषितांच्या यादीत आला. ती यादी गावात सगळ्यांना ठाऊक. त्या दिवसापासून नवरा म्हणतो, "एक लेकरू तुला पोसता येईना?" सासू म्हणते, "त्यानं वाटी संपवल्याबिगर झोपायचं नाही." म्हणून रात्री झोपेनं पेंगणारं पोर, कंबर मोडलेली आई, आणि चिमटीत नाक.

आता सांगा, यात आहाराविषयीचं अज्ञान किती आणि बाकीचं किती?

मैत्रिणींनो, मी काही वेगळ्या मातीची नाही. १९९० नंतरच्या त्या वर्षांत मी हिंगोलीत होते. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती, आपला जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला. घरात पगार एक, माणसं सात, आणि मी सकाळी घर, दुपारी नोकरी, संध्याकाळी संघटना अशी धावायची. मुलगी दोन वर्षांची. घास तोंडात धरून बसायची, गिळायचीच नाही. एका संध्याकाळी मोर्चाच्या तयारीची बैठक होती, मला उशीर होत होता, आणि तिनं भरवलेला घास माझ्या साडीवर थुंकला. मी तिला चापट मारली. घास खाली पडला. ती रडायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. 'हिंसामुक्त कुटुंब' या विषयावरच्या मोर्चाची ती बैठक होती.

आज तीच मुलगी पुण्यात नोकरी करते आणि तिच्या मुलासमोर मोबाईल ठेवून त्याला भरवते. मी एकदा फोनवर बोलले तर म्हणाली, "आई, पंधरा मिनिटांत तो खातो. मला पंधरा मिनिटंच आहेत." मी गप्प बसले.

म्हणजे हा प्रश्न नुसता गरिबीचा नाही, नुसता खेड्याचाही नाही. हळदीच्या रानातली मजूर, तालुक्याच्या गावातली शिक्षिका आणि पुण्यातली नोकरदार यांच्यात अंतर खूप आहे. एकीच्या डब्यात डाळ आहे, दुसरीच्या नाही. पण वाटी आणि चमचा घेऊन लेकरासमोर बसलेल्या तिघींच्या मागे कुणीतरी घाई करत उभं आहे.

आमच्या भागात बायका 'ताण' असा शब्द वापरत नाहीत. 'जिवाला घोर लागलाय', 'डोकं ठिकाणावर नाही' म्हणतात. हल्ली 'टेन्शन' तान्ह्या मुलांच्या आयांच्याही तोंडी आहे. हा घोर लेकराच्या वाटीपर्यंत कसा पोचतो ते आपण समजून घेऊ, कारण बैठकांमध्ये आपल्याला हे सांगावं लागतं.

पहिली गोष्ट दुधाची. आईच्या अंगात दूध तयार होणं वेगळं आणि ते उतरणं वेगळं. बाळ चोखायला लागलं की शरीरात एक संप्रेरक सुटतं आणि त्यानं पान्हा फुटतो. आई घाबरलेली असेल, दुखण्यात असेल, नुकतीच रडलेली किंवा मार खाल्लेली असेल, तर हा पान्हा फुटायला वेळ लागतो. दूध आटलेलं नसतं, अडलेलं असतं. तिला जरा निवांत बसू दिलं, बाळ अंगाशी राहिलं, पुन्हा पुन्हा चोखत राहिलं, तर बहुतेक वेळा ते उतरतं. पण घरात लगेच घोषणा होते, 'हिचं दूध आटलं.' मग पाणी घातलेलं गाईचं दूध, बोंडलं नाहीतर बाटली, मग हगवण. बाळ चोखायचं कमी झालं की दूध खरोखरच कमी होतं, आणि घोषणा खरी ठरते. डब्यातल्या दुधाच्या जाहिरातींवर १९९२ च्या कायद्यानं बंदी आणली, चळवळीनं त्यासाठी घसा कोरडा केला. पण घरातल्या या घोषणेवर बंदी कोण आणणार?

दुसरी गोष्ट सहा महिन्यांनंतरची. नऊ महिन्यांपुढच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला दिवसातून तीन-चार वेळा खायला द्यावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याचं पोट लहान, एका वेळी अर्धी-पाऊण वाटी मावते. म्हणून वेळा जास्त हव्यात. सावकाश, धीरानं, त्याच्याशी बोलत, तो तोंड फिरवतो तेव्हा थांबून भरवावं, जबरदस्ती करू नये, हेही तीच संघटना सांगते. म्हणजे या कामाला डाळ-तांदळाइतकाच वेळ लागतो आणि थाऱ्यावर असलेलं मनही लागतं. रोजानं जाणारी बाई दिवसातून चार वेळा लेकराजवळ असतेच कुठे? सकाळची एक वेळ आणि रात्रीची एक वेळ, तीही पोर झोपेत असताना. चार वेळांचं दोन वेळांत कोंबायचं म्हटलं की नाक दाबावंच लागतं.

त्यात आणखी एक बारीक गोष्ट आपण कुणालाच सांगत नाही. पहिल्या वर्षी मूल झपाट्यानं वाढतं, त्यानंतर वाढीचा वेग आपोआप कमी होतो आणि भूकही मंदावते. एक दिवस भरपूर खाईल, दुसऱ्या दिवशी दोन घासांवर उठेल. अंगानं नीट वाढत असलेल्या लेकरात यात काही बिघडलेलं नसतं. पण घोर लागलेल्या आईला 'पोर जेवेना' एवढंच दिसतं. ती जबरदस्ती करते. जबरदस्ती केली की मूल तोंड घट्ट मिटतं, वाटी पाहूनच रडायला लागतं. मग तिचा घोर वाढतो. हे चक्र एकदा फिरायला लागलं की दोघंही त्यात पिळून निघतात. आणि ज्या आईत भांडायचंही त्राण उरलेलं नसतं ती उलटी वाट धरते, रडं थांबवायला पाच रुपयांचा पुडा. दुकानात सकाळी सातपासून पोरं पाचाची नाणी घेऊन उभी असतात. पुडा फोडला की घरात दहा मिनिटं शांतता. त्या बाईला ती दहा मिनिटं कशासाठी हवी असतात, हे आपण विचारलंय का?

महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांतली पस्तीस वयाच्या मानानं बुटकी आणि छत्तीस कमी वजनाची आढळली. सहा महिने ते दोन वर्षं या वयातल्या दहा मुलांमधल्या जेमतेम एकाला पुरेसा आहार मिळत होता. आणि पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांतल्या चौपन्न रक्तक्षयी होत्या. हे आकडे नेहमी वेगवेगळ्या पानांवर छापले जातात. एकत्र वाचा. शेवटी जेवणारी, अंगात रक्त नसलेली बाई, आणि तिनं आनंदानं, धीरानं, गाणी म्हणत चार वेळा भरवायचं असलेलं लेकरू.

आईच्या मनाचा आणि लेकराच्या वजनाचा संबंध हा काही आपला बायकी समज नाही. आपल्या शेजारी गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या बायकांचा अभ्यास केला. तो २००२ आणि २००३ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी त्यांतल्या २३ टक्के बायकांना नैराश्यानं घेरलेलं होतं. कोणत्या बायकांना? ज्यांच्या घरात चणचण होती, ज्यांचा नवऱ्याशी संसार धड नव्हता, मुलगा हवा असताना ज्यांना मुलगी झाली होती. आणि अशा आयांची बाळं सहा महिन्यांची झाली तेव्हा ती कमी वजनाची असण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून जास्त निघाली. म्हणजे 'मुलगीच झाली' हे सासरच्या ओसरीवरचं एक वाक्य सहा महिन्यांनी अंगणवाडीच्या वजनकाट्यावर दिसू शकतं.

तीच गोष्ट मारहाणीची. १९९८-९९ च्या राष्ट्रीय पाहणीच्या आकड्यांवरून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं की ज्या बायकांनी वर्षभरात एकापेक्षा जास्त वेळा मार सोसला त्यांच्यात रक्तक्षय आणि कमी वजन जास्त होतं. मुलांमध्येही कल तसाच होता, फक्त इतका ठळक नाही. आपण कौटुंबिक हिंसेच्या केसेस एका रजिस्टरमध्ये लिहितो आणि कुपोषणाच्या दुसऱ्या. दोन्ही रजिस्टरांत घर एकच असतं.

इथे बापाविषयी बोलायला हवं. 'पालक' म्हटलं की दोघं असतात, पण भरवण्याचा विषय निघाला की बाप गायब होतो. त्याला घोर नाही असं नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात आपल्या सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांना निवेदन दिलं की कर्ज फेडण्यासाठी आमचे अवयव विकत घ्या. त्यात किडनीची, यकृताची, डोळ्यांची किंमत लिहिली होती. राज्यभर बातमी झाली. त्या घरांत त्या दिवसांत चूल कशी पेटत होती, लहान लेकरांना कोण आणि कोणत्या मनानं भरवत होतं, हे एकाही बातमीत मी वाचलं नाही. शेतकऱ्याचं कर्ज हा अर्थकारणाचा प्रश्न आणि लेकराचं न जेवणं हा आईचा दोष, अशी वाटणी कुणी केली?

बापाच्या घोराचं आणि आईच्या घोराचं एक मात्र वेगळं आहे. त्याचा घोर बाहेर पडायला वाटा आहेत. पार आहे, पानटपरी आहे, दारू आहे, आणि शेवटी बायकोची पाठ आहे. तिच्या घोराला एकच वाट उरते, तिच्याहून लहान असलेलं लेकरू. उतरंडीत सगळ्यात खालच्या मडक्यावर सगळा भार येतो तसं हे आहे. म्हणून मी माझ्या हातच्या त्या चापटीची लाज बाळगते, पण ती फक्त माझी होती असं आता मानत नाही.

आता एक धोक्याची सूचना, आणि ती आपल्यासाठीच आहे. 'आईच्या ताणाचा मुलाच्या जेवणावर परिणाम होतो' हे वाक्य उद्या सरकारी पत्रकात येईल तेव्हा त्याचं काय होईल हे मला आत्ताच दिसतंय. 'मातांनी आनंदी राहावे.' झालं! म्हणजे आतापर्यंत तिला खिचडी नीट शिजवता येत नव्हती, आता तिला नीट आनंदीही राहता येत नाही. तिच्या गुन्ह्यांच्या यादीत एक भर. जोडीला एखादं तासाभराचं 'ताणमुक्ती शिबिर', डोळे मिटून श्वास घ्या, आणि मग पुन्हा हळद वेचायला.

आपण हे होऊ द्यायचं नाही. आणि ताणाच्या नावाखाली भूकही लपवू द्यायची नाही. ज्या घरात डाळच नाही तिथे प्रश्न मनाचा नाही, मडक्याचा आहे. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागातला अनुभव इथे सांगण्यासारखा आहे. तिथे गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांनी नैराश्यातल्या आयांच्या घरी महिनोन्‌महिने जाऊन त्यांच्याशी बोलणं ठेवलं. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. आया मोठ्या संख्येनं सावरल्या. बाळांना हगवण कमी झाली, लसी जास्त टोचल्या गेल्या, आई आणि बाप दोघंही लेकराशी जास्त खेळायला लागले. पण बाळांच्या वजन-उंचीत म्हणावा तसा फरक पडला नाही. मला यातून दोन्ही धडे घ्यावेसे वाटतात. बोलण्यानं बाई उभी राहते, आणि डॉक्टर नसलेल्या साध्या बायकाही हे काम करू शकतात. पण नुसत्या बोलण्यानं वाटी भरत नाही. दोन्ही लागतं.

आपल्या मराठवाड्यालाही हे नवं नाही. २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन तेव्हाच्या औरंगाबादेतून सुरू झालं. गावातच बाल विकास केंद्रं निघाली, मूल दोन वर्षांचं होईपर्यंतच्या काळावर भर दिला गेला. त्याआधीच्या पाहणीत राज्यातली दोन वर्षांखालची ३९ टक्के मुलं बुटकी होती, २०१२ च्या पोषण पाहणीत ती २३ टक्क्यांवर आली. मनावर घेतलं तर होतं, एवढं त्यातून कळतं. मग मन कशावरून उडतं?

ते अंगणवाडीकडे पाहिलं की समजतं. 'अंगणवाडी' हा शब्द आणि ती कल्पना आपल्याला ताराबाई मोडकांनी दिली. लेकरू शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात नेऊ, हा त्यामागचा विचार होता. आज त्या अंगणातली सेविका काय करते? मोबाईलच्या ॲपमध्ये माहिती भरते, वजनं घेते, सर्वेक्षणं करते, निवडणुकीची कामं करते, आणि गावानं कुपोषणाबद्दल शिव्या द्यायच्या तर त्याही तिलाच. ती कर्मचारी नाही, 'मानधनी'. २०२३ च्या ४ डिसेंबरपासून राज्यातल्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या तेव्हा 'मुलं उपाशी राहतील' अशी ओरड झाली. सेविकाही कुणाची आई असते, तिच्या घरीही वाटी आणि चमचा असतो, हे कुणाला आठवलं नाही. तिच्यावरचा ताण ती 'तुझं पोरगं मॅममध्ये आहे' या वाक्यातून आईवर टाकते, आई तो चिमटीतून लेकरावर. वरून खाली हीच उतरंड.

म्हणून आपल्या मागण्या नीट मांडू या. त्या नव्या नाहीत, पण लेकराच्या भरवण्याशी जोडून आपण त्या फारशा मांडलेल्या नाहीत.

पहिली मागणी पाळणाघराची. सहा महिने ते तीन वर्षं या वयाच्या मुलांना अंगणवाडीतून कोरडा शिधा घरी मिळतो. गरम शिजवलेलं जेवण मिळतं ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. म्हणजे ज्या वयात हातानं भरवणारं माणूस सगळ्यात जास्त लागतं त्या वयात सरकार पाकीट देऊन मोकळं होतं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर पाच लहान मुलं असली तर एका बाईला त्यांना सांभाळण्यासाठीच मजुरी देण्याची तरतूद होती. किती कामांवर ती बाई तुम्ही पाहिलीत? २०२२ पासून केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीला पाळणाघर जोडता येतं. हळदीच्या, कापसाच्या, सोयाबीनच्या हंगामात हे पाळणाघर रानाच्या वेळेवर उघडं हवं, दहा ते पाच नव्हे. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचं लेकरू कोपीत राहतं, त्याच्यासाठी ते कारखान्याच्या फडाजवळ हवं.

दुसरी मागणी मजुरीची. नोकरदार बाईला सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळते. ती मिळालीच पाहिजे. पण खुरपणाऱ्या बाईला काय? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्रत्येक गरोदर आणि स्तनदा बाईला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. योजनेत ते झाले पहिल्या बाळाला पाच हजार, आणि दुसऱ्या वेळी फक्त मुलगी झाली तरच सहा हजार. सहा महिने फक्त अंगावरचं दूध पाजा असं सांगणाऱ्या सरकारनं सहा महिन्यांची मजुरी द्यावी. नाहीतर तो तक्ता भिंतीवरून काढावा.

तिसरी मागणी घरातली आहे आणि ती मोर्चानं मिळत नाही. बापानं भरवायचं. 'मदत' म्हणून नव्हे, बाप म्हणून. रात्रीची एक वेळ त्याची. आमच्या एका गावात दोन-तीन तरुण बाप हे करायला लागले तेव्हा पारावर त्यांची चेष्टा झाली. झाली तर होऊ दे.

आणि चौथी मागणी आपल्या स्वतःकडे. बैठकीत तक्ता लावण्याआधी विचारायचं, "बाई, तू जेवलीस का? कधी? रात्री झोप लागते का? घरात कोण बोलतं, कोण मारतं? तू रानात असताना लेकराजवळ कोण?" याची उत्तरं मिळाली की आहाराचं काय सांगायचं ते आपोआप ठरतं. लेकराचं वजन चारचौघांत मोठ्यानं वाचायचं नाही. ते आईला बाजूला घेऊन सांगायचं, आणि सांगताना तिच्या शेजारी बसायचं, समोर उभं राहायचं नाही.

त्या कळमनुरीच्या आईचं पुढं काय झालं हे तुम्ही विचाराल. चमत्कार काही झाला नाही. हळदीचं कर्ज तसंच आहे. पण तिच्या गटातल्या बायकांनी ठरवलं की हंगामात आळीपाळीनं एकीनं मागे राहायचं आणि पाच-सहा लेकरांना दुपारी खिचडी भरवायची. तिचा रोज बाकीच्यांनी वाटून द्यायचा. हा भार खरं तर त्यांच्या अंगावर यायला नको, ते सरकारचं काम आहे. तरी त्यांनी तो उचलला. पोरगं अजून यादीतच आहे, वजन थोडं सरकलंय. सासू म्हणते, दुपारी खाल्लं की रात्री तेवढं रडत नाही. मी मागच्या वेळी गेले तेव्हा तो चुलीजवळ बसून स्वतःच्या हातानं भाकरीचा तुकडा वरणात बुडवत होता. निम्मं अंगावर, निम्मं तोंडात. आई लांबूनच बघत होती. म्हणाली, "सांडू द्या ताई, खातोय ना."

तुमच्या गावात, तुमच्या वस्तीत काय आहे? हंगामात लहान लेकरांना कोण भरवतं? पाळणाघर कुठे चालू आहे, कुठे कागदावर आहे? बाप भरवतात का? लिहून पाठवा. पुढच्या अंकात हे अनुभव छापू आणि त्यांवरून एक निवेदन तयार करू. या वेळी निवेदनावर आयांच्या बरोबरीनं बापांच्याही सह्या घेऊ.

तुमचीच,
संपादक मंडळाच्या वतीनं